लीपिंग मायकेल्स

लीपिंग मायकेल्स : काँट्रॅक्ट ब्रिज या पत्त्यांच्या खेळातील एक सांकेतिक बोली. प्रतिस्पर्ध्याने दोनच्या पातळीवर प्रीएम्प्ट केल्यावर (म्हणजे लांब रंग पण कमजोर पाने असताना जागा अडवणारी बोली केल्यावर) लगेच उडी मारून, म्हणजे तीनची पातळी सोडून, केलेली ४ किल्वर किंवा ४ चौकट ही बोली भिडूला दोन गोष्टी सांगते : त्या मायनर रंगाची (किल्वर वा चौकट) किमान पाच व एका मेजर रंगाची (बदाम वा इस्पिक) किमान पाच पाने आहेत, आणि पाने जोरदार आहेत. २ बदामवर हा मेजर इस्पिक असतो, २ इस्पिकवर बदाम. २ चौकटवर ४ चौकट म्हणजे दोन्ही मेजर; ४ किल्वर म्हणजे किल्वर व कोणतातरी एक मेजर, आणि तो कोणता हे भिडू ४ चौकट बोलून विचारतो.

नावावरून ही बोली मायामी बीचचे खेळाडू व व्याख्याते माइक मायकेल्स यांनीच रचली असा समज होतो. तो जपूनच घ्यावा. मायकेल्स १९६६ मध्ये वारले, आणि उडीच्या बोलीचा प्रसार साधारणपणे त्यानंतरच्या स्पर्धात्मक खेळातला मानला जातो. त्यांचे खरे काम आधीचे आहे. १९३० च्या दशकात प्रतिस्पर्ध्याचाच रंग बोलणे, म्हणजे क्यू-बिड, हे गेमपर्यंत, म्हणजे बोनस देणाऱ्या पातळीपर्यंत, बांधून घेणाऱ्या प्रचंड ताकदीचे लक्षण होते. तशी पाने क्वचितच येत, त्यामुळे बोली पडून राही. १९४८ च्या सुमारास अल रॉथ यांनी टोबायस स्टोन यांच्या साथीने ‘अनयूज्वल नो ट्रम्प’ (नो ट्रम्प म्हणजे हुकुमाविना खेळण्याची बोली) आणून दोन मायनर दाखवण्याची सोय केली होती. मायकेल्स यांनी पडून असलेली क्यू-बिड मेजर असलेल्या दुरंगी पानांच्या कामी लावली. फ्रान्समध्ये याच प्रश्नाला प्येर गेस्तेम (हे ड्राफ्ट्स या पटावरच्या खेळाचेही विश्वविजेते) यांनी निराळे उत्तर दिले, त्यात दोन्ही रंग नेमके कळतात. २ बदाम वा २ इस्पिकवर लीपिंग मायकेल्सनेही तेच साधते, म्हणून तत्त्वाने ती गेस्तेम यांच्या अधिक जवळची म्हणता येईल.

ज्या बोलीला तोड म्हणून लीपिंग मायकेल्स वापरतात, त्या वीक टूच्या (दोनच्या पातळीवरील प्रीएम्प्टच्या) उगमाबद्दलही एकमत नाही. हॅरल्ड व्हँडरबिल्ट यांच्या पद्धतीत ती होती. पण आजच्या शिस्तशीर स्वरूपाचे श्रेय बहुधा हॉवर्ड शेंकेन यांना दिले जाते, आणि वापर व व्यवस्था यांत फरक केला तर ते योग्यच वाटते.

मायकेल्सची मूळ क्यू-बिड एकच्या पातळीवर कमजोर पानांवरही करतात. प्रीएम्प्टवर तसे करून चालत नाही. समोरच्याने जागा आधीच खाल्लेली असते. अडवण्यासारखे काही उरलेले नसते, आणि चारच्या पातळीवर भिडूला ओढायचे तर तेवढे बळ हवे. म्हणून पाच किंवा त्याहून कमी हरणारे हात असावेत, असा सर्वसाधारण दंडक आहे. पॉइंट (एक्का ४, राजा ३, राणी २, गुलाम १) मोजण्यापेक्षा ही मोजणी इथे जास्त भरवशाची ठरते.

समजा, उजवीकडून २ इस्पिक आले आणि आपली पाने अशी : इस्पिक ५, बदाम एक्का, राजा, गुलाम, १०, ४, चौकट राजा, राणी, १०, ९, ३, किल्वर एक्का, ३. पॉइंट १७, हरणारे हात चार. भिडूला बोलायला लावणारा डबल केला तर भिडू तीनच्या पातळीवर काहीतरी बोलून थांबेल, आणि पुन्हा बोलून दोन्ही रंग सांगायला जागा उरणार नाही. ४ चौकट बोलल्यावर मात्र इस्पिकची चार फुटकळ पाने, बदामची राणी-६-३, चौकटचा गुलाम-८-४ आणि किल्वरची तीन फुटकळ पाने घेऊन बसलेला भिडूही ४ बदाम बोलतो. त्याचे पॉइंट तीनच. तरी साधारण वाटणीत इस्पिक, चौकट व किल्वरचा एकेक हात देऊन दहा हात होतात. राणी आणि गुलाम नेमके कामाच्या रंगांत आहेत हे भिडूला दिसते, यातच या बोलीचे मोल आहे.

ही बोली भिडूने पास करावी का, यावर मतभेद आहे. काही जोड्या ती केवळ आमंत्रण मानतात. ती बंधनकारक मानणारा पक्ष मोठा असून त्याचे म्हणणे अधिक पटते : मेजरचा गेम पुढच्या एक ते तीन बोलींवरच असतो, आणि पासच्या भीतीने आणखी जोरदार पाने दुसऱ्या वाटेने दाखवावी लागत नाहीत. नुकसान एवढेच, की ४ किल्वर वा ४ चौकट त्या एकाच लांब रंगासाठी बोलता येत नाही. उलट २ इस्पिकवर ३ इस्पिक ही क्यू-बिड मोकळी होते; लांबलचक, भरीव मायनर घेऊन भिडूकडे इस्पिकचा अडसर (तो रंग थांबवणारे पान) आहे का, हे विचारायला ती वापरतात.

३ बदाम किंवा ३ इस्पिकवर उडी न मारताही हाच अर्थ घेतला जातो; त्याला नॉन-लीपिंग मायकेल्स म्हणतात. ३ किल्वरवर ४ किल्वर म्हणजे दोन्ही मेजर, ४ चौकट म्हणजे चौकट व एक मेजर. इथे विचारायला जागा नसल्याने भिडू ४ बदाम बोलतो आणि मेजर इस्पिक असल्यास ती बोली दुरुस्त केली जाते. दोन मायनर असल्यास २ किंवा ३ मेजरवर ४ नो ट्रम्प. ४ इस्पिकवर मात्र ४ नो ट्रम्प कोणत्याही दोन रंगांसाठी चालते.