क्वार्टरबॅकचे पदलालित्य आणि चेंडूफेक

अमेरिकन फुटबॉलमध्ये आक्रमणाची सूत्रे ज्याच्या हाती असतात तो खेळाडू म्हणजे क्वार्टरबॅक. आक्रमणाच्या पुढच्या रांगेत मधोमध उभा असलेला ‘सेंटर’ दोन पायांमधून चेंडू मागे देतो, त्याला ‘स्नॅप’ म्हणतात. स्नॅप झाल्यापासून पास, म्हणजे सहकाऱ्याकडे पुढे केलेली फेक, सुटेपर्यंत साधारण अडीच-तीन सेकंद मिळतात आणि त्यातही समोरून शंभर-सव्वाशे किलोची माणसे अंगावर धावून येत असतात. एवढ्या वेळात पाय कसे पडावेत आणि चेंडू हातातून कसा सुटावा, याची घोटून घेतलेली पद्धत असते. टीव्हीवर दिसतो तो हात, पण पास फसला की प्रशिक्षक चित्रफीत मागे नेऊन आधी पाय पाहतात.

चेंडू पुढे फेकायला नियमाने परवानगी मिळाली १९०६ साली. त्या वर्षी ५ सप्टेंबरला सेंट लुई विद्यापीठाच्या ब्रॅडबरी रॉबिन्सनने विस्कॉन्सिनमधील वॉकेशा येथे टाकलेला पास पहिला अधिकृत पास मानतात. तेव्हाचा चेंडू बराच गरगरीत होता. पुढच्या दोन-तीन दशकांत त्याचा घेर कमी होत गेला आणि मगच एका हातात नीट मावणारा, टोकदार चेंडू फेकण्याची कला रुजली.

पावलांचा हिशेब. सेंटरच्या पाठीशी खेटून चेंडू घेतला, तर क्वार्टरबॅकला पास टाकण्याआधी मागे सरकावे लागते. हा ‘ड्रॉप’. तो तीन, पाच किंवा सात पावलांचा असतो. आकडा नेहमी विषम, कारण उजव्या हाताने फेकणारा पहिले पाऊल उजव्या पायाने मागे टाकतो, कंबर वळवतो, मग डावा पाय त्यावरून आडवा आणतो. आणि शेवटचे पाऊलही उजवेच पडावे लागते. त्या मागच्या पायावर भार तोलूनच पुढे फेकता येते. स्टीव्ह यंग किंवा तुआ टॅगोवायलोआसारख्या डावखुऱ्यांचे सगळे आरशातल्यासारखे उलटे. त्यांचा चेंडू गिरकीही उलट्या दिशेने घेतो, त्यामुळे झेलणाऱ्यांना तो अंगवळणी पडायला वेळ लागतो.

पण ही पावले अंतरासाठी कमी आणि वेळेसाठी जास्त असतात. तीन पावलांत क्वार्टरबॅक सुमारे पाच यार्ड मागे येतो. तेवढ्यात रिसीव्हर, म्हणजे पास झेलणारा सहकारी, तीन पावले धावून तिरका आत वळलेला असतो. पाच पावलांशी दहा-पंधरा यार्डांवरचे रूट (रिसीव्हरच्या धावण्याच्या ठरलेल्या वाटा) जुळतात, सातांशी त्याहून लांबचे. शेवटचे पाऊल म्हणजे तालातली सम. दोघे आपापल्या वाटेने येऊन तिथे भेटायला हवेत. बऱ्याचदा रिसीव्हर वळण्याआधीच चेंडू सुटलेला असतो. पहिला रिसीव्हर मोकळा नसेल, तर क्वार्टरबॅक जागच्या जागी ‘हिच’ नावाचे छोटे उसळते पाऊल घेऊन दुसऱ्याकडे पाहतो, आणखी एक हिच घेऊन तिसऱ्याकडे. म्हणजे पायच नजरेला पुढे सरकवतात.

या हिशेबाला काटेकोर रूप दिले प्रशिक्षक बिल वॉल्शने. १९७० मध्ये सिनसिनाटीला त्याच्या हाताखाली व्हर्जिल कार्टर हा क्वार्टरबॅक होता. कार्टरच्या हातात फारसा जोर नव्हता, नेम मात्र होता. वॉल्शने त्याच्यासाठी पावलांशी बांधलेल्या आखूड पासांची रचना केली आणि पुढे सॅन फ्रान्सिस्कोत क्वार्टरबॅक जो मॉन्टॅनाबरोबर तीच पूर्णत्वाला नेली. त्याच सॅन फ्रान्सिस्कोत १९६० साली प्रशिक्षक रेड हिकीने ‘शॉटगन’ मांडणी आणली होती. तिच्यात क्वार्टरबॅक आधीच चार-पाच यार्ड मागे उभा असतो. आता तीच जास्त दिसते. पाच पावलांचे काम तीनात उरकते, पण समेचा नियम तोच.

फेक. चेंडू सुमारे ११ इंच लांब आणि १४ ते १५ औंस वजनाचा. अनामिका आणि करंगळी शिवणीच्या नाड्यांवर, तर्जनी टोकाकडे, आणि तळहात व चेंडू यांच्यात थोडी पोकळी. पकड मात्र ज्याची त्याची; क्वार्टरबॅक टेरी ब्रॅडशॉ तर्जनी थेट टोकावर ठेवायचा. फेकण्यापूर्वी चेंडू दोन्ही हातांत छातीजवळ, नाहीतर मागून येणारा तो हिसकावतो.

मग गोफणीसारखी क्रिया होते. मागचा पाय जमिनीला रेटतो, पुढचा पाय लक्ष्याच्या किंचित डावीकडे पडतो, कंबर आधी फिरते, खांदे मागाहून, त्यामागून कोपर, आणि शेवटी मनगट. तर्जनी चेंडूवरून सर्वांत उशिरा सुटते आणि त्याला गिरकी देते. गिरकी नीट बसली तर चेंडू टोक पुढे करून वारा कापत जातो. सुटल्यावर अंगठा जमिनीकडे वळलेला दिसला, तर हात बरोबर आला असे समजावे.

चुका पायांतूनच वर येतात. पुढचे पाऊल फार लांब पडले की वजन मागे राहते आणि पास रिसीव्हरच्या डोक्यावरून जातो. पाऊल आडवे पडले की कंबर अडकते, मग सगळा भार एकट्या हातावर. क्वार्टरबॅक पेटन मॅनिंगचे उदाहरण इथे बोलके आहे. मानेच्या शस्त्रक्रियांमुळे तो २०११ च्या अख्ख्या हंगामाला मुकला आणि हाताचा पहिला जोर परत आला नाही. सतत थुडथुडणारे पाय आणि वेळेचा अंदाज मात्र शाबूत होता. २०१३ मध्ये त्याने ५५ टचडाउन पास (थेट गुण मिळवून देणारे) आणि ५,४७७ यार्ड असे हंगामाचे विक्रम केले.

पॉकेटमधली हालचाल. रक्षक लाइनमन क्वार्टरबॅकभोवती जी जागा राखतात ती ‘पॉकेट’. कडेने येणारे हल्लेखोर वळसा घालून त्याच्या मागच्या बाजूला पोहोचतात, म्हणून बचाव मागे पळण्यात नसून दोन पावले पुढे शिरण्यात असतो. पाय खांद्याइतके फाकलेले ठेवायचे, एकमेकांवरून न्यायचे नाहीत आणि नजर खाली पाडायची नाही. क्वार्टरबॅक टॉम ब्रॅडीने २००० मध्ये व्यावसायिक लीगमध्ये येण्यापूर्वीच्या चाचणीत ४० यार्ड धावायला ५.२८ सेकंद घेतली, म्हणजे या खेळात तो रांगतच होता. पण वीतभर सरकून वार चुकवण्यात त्याची बरोबरी करणारे थोडेच.

नियम मोडणारे. १० जानेवारी १९८२ ला डॅलसविरुद्ध मॉन्टॅनाने उजवीकडे पळता पळता, मागच्या पायावरून जो पास रिसीव्हर ड्वाइट क्लार्ककडे भिरकावला, तो कोणी शिकवत नाही. सॅन फ्रान्सिस्को तो सामना २८-२७ ने जिंकली. कॅन्सस सिटीचा क्वार्टरबॅक पॅट्रिक माहोम्सने असे पास रोजचे केले. वडील बेसबॉलचे पिचर, स्वतःही बेसबॉल खेळलेला. त्यामुळे बाजूने हात फिरवून फेकणे त्याला परके नाही. पाय रोवलेले नसले तरी कंबर-खांद्यांचा क्रम तो सहसा सोडत नाही, हे मात्र त्याचे अनुकरण करणाऱ्या पोरांच्या लक्षात येत नाही. फेब्रुवारी २०२१ च्या सुपर बोलमध्ये, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्यात, टॅम्पा बेच्या खेळाडूंनी पाडलेला असताना, अंग जमिनीला जवळजवळ समांतर असताना त्याने पास टाकला. चेंडू एंड झोनमधल्या (मैदानाच्या टोकाच्या, गुण मिळवण्याच्या पट्ट्यातल्या) सहकाऱ्याच्या हेल्मेटच्या जाळीवर आपटून खाली पडला. कॅन्सस सिटी तो सामना ९-३१ ने हरली.