‘कट्’ वाजलं म्हणजे लॉक लागला असं नाही: स्लिपजॉइंट आणि लॉकबॅक

नवा घडीचा चाकू हातात आला की जवळजवळ प्रत्येक जण तेच करतो. पातं उघडतो, ‘कट्’ ऐकतो, पातं डावी-उजवीकडे हलवून बघतो आणि समाधानाने म्हणतो, ‘वा, लॉक मस्त आहे.’ दहापैकी निम्म्या वेळा तरी त्या चाकूला लॉक नसतोच. असते ती स्प्रिंग. हा गोंधळ मी इतकी वर्षं ऐकतोय, आणि विकणारेही तो वर्णनांत बिनदिक्कत छापतात, म्हणून एकदा नीट लिहायचं ठरवलं.

गोंधळाचं थोडं मूळ आपल्या शब्दातही आहे. ‘खटका’ म्हणजे आवाजही आणि अडसरही. दाराचा खटका लागला म्हणजे दार आता ढकलून उघडणार नाही. त्यामुळे ‘खटक्याचा चाकू’ म्हटलं की ऐकणारा अडसर धरून चालतो आणि सांगणाऱ्याच्या मनात नुसता आवाज असतो. (बटण दाबताच पातं आपोआप उसळून बाहेर येतं त्या चाकूलाही काही जण हेच म्हणतात. ते वेगळंच प्रकरण आहे, इथे त्याचा संबंध नाही.)

स्लिपजॉइंट, म्हणजे लॉक नसलेला, नुसत्या स्प्रिंगवर टिकणारा चाकू, सगळ्यांच्या ओळखीचा. नखाने खाचेत धरून उघडायचा, पात्याची पाठ दाबून मिटवायचा. लाल मुठीचा साधा स्विस चाकू कुणी ना कुणी हाताळलेला असतोच. त्यावर वेळ घालवत नाही. लॉकबॅक म्हणजे ज्याच्या पाठीवरची पट्टी दाबल्याशिवाय पातं मिटत नाही तो. १९६४ साली बाजारात आलेल्या बक ११० या अमेरिकी चाकूने हा प्रकार घराघरांत पोहोचवला. लॉकबॅकची कल्पना त्याआधीपासूनची आहे, पण आज डोळ्यांसमोर येतं ते पितळी टोकांचं, लाकडी मुठीचं तेच रूप.

आता ज्या ठिकाणी गाडी घसरते तिथे येऊ. दोन्ही चाकूंच्या पाठीला लांबच लांब पोलादी पट्टी दिसते. दोन्ही उघडताना ‘कट्’ करतात. दोन्ही पाती उघडल्यावर घट्ट वाटतात. फरक आहे तो पट्टी काय काम करते यात.

स्लिपजॉइंटमध्ये ती पट्टी हीच स्प्रिंग. तिचा मागचा भाग आणि मध्य खिळ्यांनी जखडलेला, पुढचं टोक मोकळं. पात्याचा जो भाग मुठीत राहतो आणि खिळ्याभोवती फिरतो, त्याला आपण बूड म्हणू. या बुडाला सपाट बाजू घासलेल्या असतात. पातं पूर्ण उघडलं की त्यातली एक बाजू पट्टीच्या टोकाखाली येते आणि पट्टी तिला दाबून धरते. नुसतं दाबून. मिटवताना बुडाचा कोपरा पट्टीला उचलतो, पट्टी वाकते, विरोध वाढत जातो, आणि कोपरा ओलांडला की पट्टी पुढच्या सपाट बाजूवर आपटते. तोच ‘कट्’. काही चाकूंत पातं काटकोनात आलं की एकदा थांबतं आणि दुसऱ्यांदा ‘कट्’ वाजतं. तो अर्ध्या वाटेवरचा थांबा, बुडाला तिसरी सपाट बाजू दिल्याने मिळतो.

भिंगाखाली जुना स्लिपजॉइंट धरून बघा. बुडाचा तो कोपरा आरशासारखा चकाकतो, कारण वर्षानुवर्षं पट्टी त्याच्यावरून घसरत आली आहे. घसरणं हेच त्या सांध्याचं काम आहे, आणि इंग्रजी नावात ‘स्लिप’ आलंय ते त्यासाठीच.

लॉकबॅकमध्ये पट्टी त्याच जागी असते, पण वाकण्यासाठी नसते. मधल्या खिळ्यावर ती तराजूच्या दांडीसारखी डोलते. मागच्या टोकाखाली एक छोटी वेगळी स्प्रिंग ते टोक बाहेर ढकलत राहते, म्हणून पुढचं टोक आत दाबलं जातं. त्या पुढच्या टोकाला दात असतो आणि पात्याच्या बुडाला त्याच मापाची खाच. पातं पूर्ण उघडलं की दात खाचेत पडतो. ‘कट्.’ आवाज तोच, घटना निराळी. आता पात्याच्या पाठीवर दाब दिला तर बूड कशावरून घसरणार? घसरायला जागाच नाही. खाचेची भिंत दातावर जाऊन अडते. मिटवायचं तर मागचं टोक अंगठ्याने दाबून पुढचा दात वर उचलायलाच हवा.

थोडक्यात, स्लिपजॉइंट पात्याला विरोध करतो आणि लॉक पात्याची वाट बंद करतो. ‘माझ्या चाकूची स्प्रिंग इतकी कडक आहे की लॉकच समजा’ हे वाक्य म्हणूनच मला सहन होत नाही. शौकीन मंडळी स्प्रिंगच्या कडकपणाला एक ते दहा असे अंदाजे गुण देतात. आठ गुणांच्या स्प्रिंगने नख तुटेल, पण पात्यावर तेवढा जोर पडला की ते मिटणारच. विरोध कितीही वाढवला तरी त्याचा अडसर होत नाही.

हे मी बोटाने शिकलो. एका विक्रेत्याच्या वर्णनात ‘मजबूत बॅक लॉक’ असं छापलं होतं. पाठीवर पट्टी होती, आवाज खणखणीत होता, मी विश्वास ठेवला. जाड प्लास्टिकच्या डब्याला भोक पाडताना टोक आत शिरलं आणि अडकलं. मी मनगट वळवून चाकू मागे ओढला. डब्याने पातं धरून ठेवलं होतं, मूठ माझ्या हातात वर आली आणि पातं मिटलं, थेट तर्जनीच्या मधल्या पेरावर. पांढरी रेघ अजून आहे. त्या क्षणी पात्यावर फार मोठा जोर नव्हता. फक्त उलट्या दिशेचा होता.

दिशा ही गोष्ट कुणी समजावून सांगत नाही. आपण चाकूने कापतो तेव्हा वस्तू धारेला उलट ढकलते, आणि तो जोर पात्याला आणखी उघडायला बघतो. उघडायच्या दिशेला पातं आधीच टेकलेलं असतं, म्हणून साध्या कापण्यात स्लिपजॉइंट अगदी निर्धोक आहे. दोरी, कागद, फळ, पेन्सिल, खोक्याची चिकटपट्टी, कशालाही लॉक लागत नाही. धोका येतो तो टोक खुपसताना, अडकलेलं पातं ओढताना, मनगट पिळताना, म्हणजे पात्याच्या पाठीवर जोर आला की. तिथे स्प्रिंग आणि बोट यांच्यामध्ये काहीच नसतं.

मग ओळखायचं कसं? चाकू उघडा आणि पाठ डोळ्यांसमोर धरा. मुठीच्या मागच्या भागात, बुडख्याजवळ किंवा मध्यावर, पट्टी उघडी पडेल अशी कोर कापलेली दिसते का? तिथे अंगठ्याने दाबल्यावर पट्टी आत जाते का? गेली तर लॉकबॅक. पट्टी टस की मस झाली नाही तर स्लिपजॉइंट. त्याहून सोपा प्रश्न एकच: मिटवताना पात्याखेरीज आणखी कशाला हात लावावा लागतो का? पट्टी दाबायची, बटण ओढायचं, कडी फिरवायची, काहीही चालेल. लावावा लागत असेल तर लॉक आहे. नसेल तर नाही, वर्णनात काहीही छापलेलं असो.

हा प्रश्न माझ्या डोक्यातून आलेला नाही. ब्रिटनच्या १९८८ च्या क्रिमिनल जस्टिस अ‍ॅक्टने ३ इंचांपर्यंत धार असलेल्या घडीच्या खिशातल्या चाकूला सवलत दिली. मग वाद उभा राहिला, की उघडल्यावर लॉक होणारा चाकू या सवलतीत बसतो का. न्यायालयाने म्हटलं, नाही. नुसती घडी घालून जो केव्हाही, लगेच मिटवता येत नाही, ज्याला आधी खटका सोडवावा लागतो, तो या अर्थी घडीचा चाकूच नव्हे. म्हणजे तिथे खिशातला चाकू कायदेशीर की बेकायदा हे याच फरकावर ठरतं. तरी वर्णन लिहिणाऱ्यांना तो महत्त्वाचा वाटत नाही, याचा मला खरोखर राग येतो.

कंपनीचं नाव बघून अंदाज बांधणंही बंद करा. ‘स्विस चाकूला लॉक असतो का?’ या प्रश्नाला एक उत्तर नाही. व्हिक्टोरिनॉक्सच्या ९१ मिलिमीटरच्या नेहमीच्या चाकूंना नसतो, १११ मिलिमीटरच्या मोठ्या चाकूंच्या मुख्य पात्याला सहसा असतो. फ्रान्सचा ओपिनेल चाकू तर याहून बोलका नमुना. जोसेफ ओपिनेलने १८९० साली केलेल्या चाकूत पातं निव्वळ लाकडाच्या घट्टपणावर टिकायचं, स्प्रिंगही नव्हती. १९५५ मध्ये त्यावर फिरणारी पोलादी कडी आली आणि तोच चाकू लॉकवाला झाला. २००० पासून ती कडी पातं मिटलेल्या स्थितीतही अडकवते. पण लहान मापांना, पाच क्रमांकापर्यंत, आजही कडी नाही. आकार तोच, लाकूड तेच, वागणूक वेगळी.

हल्लीच्या नव्या चाकूंनी गुंता वाढवलाय. एका हाताने उघडायला पात्यात गोल भोक, खिशाला अडकवायची क्लिप, मुठीत पातळ पोलादी पत्रे, असं रूप बघितलं की लॉक असणारच असं वाटतं. भोक आणि क्लिप यांचा लॉकशी काडीचा संबंध नाही. स्पायडर्कोचा यूके पेननाइफ नेमका असा आहे: भोक आहे, क्लिप आहे, लॉक नाही. काही नव्या स्लिपजॉइंटांत तर पाठीची पट्टीच नसते. दोन बाजूंच्या लवचिक पत्र्यांवर पोलादी गोळ्या असतात आणि त्या बुडावरच्या खळग्यांत बसतात. आत पत्रा दिसला म्हणून त्याला लायनर लॉक म्हणू नका. लायनर लॉकमध्ये पत्रा पातं उघडल्यावर आडवा सरकून बुडामागे येऊन उभा राहतो, आणि त्याला बाजूला ढकलल्याशिवाय पातं मिटत नाही. पुन्हा तोच प्रश्न, तेच उत्तर.

पोलाद कोणतं, मूठ लाकडाची की शिंगाची की प्लास्टिकची, पात्याचं टोक कसं, या कशाचाही या विषयाशी संबंध नाही. आवडेल ते घ्या.

लॉकबॅकवाल्यांच्याही दोन गैरसमजुती आहेत. पहिली, पातं वर-खाली किंचित हललं की ‘लॉक खराब आहे’ अशी तक्रार. दात आणि खाच यांच्यात केसभर जागा राहिली की पातं ज्या खिळ्याभोवती फिरतं त्यापासूनच्या अंतरामुळे ती टोकाशी मोठी जाणवते. चांगल्या लॉकबॅकमध्येही ही हालचाल थोडी सापडते. चाकूंचे आराखडे करणाऱ्या अँड्र्यू डेम्कोने आपल्या ट्राय-अ‍ॅड लॉकमध्ये पातं आणि पट्टी यांच्यामध्ये वेगळी पिन टाकली, पात्याचा जोर पट्टीऐवजी त्या पिनेवर घेतला, आणि ही कुरकूर बरीच कमी झाली. मला तो लॉक अतिशय आवडतो, मिटवायला कडक असला तरी.

दुसरी गैरसमजूत जास्त वाईट. लॉक आहे म्हणजे बोट सुरक्षित, असं मानून लोक खाच कधी साफ करत नाहीत. खिशातला धागा, धुळीचा गोळा, वाळलेल्या फळाचा रस खाचेच्या तळाशी जमला की दात पूर्ण आत बसत नाही. वरून सगळं ठीक दिसतं. आवाज मात्र बदलतो, खणखणीत ‘कट्’ऐवजी बसका ‘थप्’ येतो. तसा आवाज आला की लाकडी काडी खाचेतून फिरवा, तेलाचा एक थेंब टाका, पट्टी मुठीच्या पाठीशी सपाट येते का बघा. वर उचललेली राहिली तर लॉक लागलेला नाही. शिवाय घट्ट पकडीत तळहाताने पट्टी नकळत दाबली जाऊ शकते. डेव्हिड बॉय या चाकू घडवणाऱ्याच्या नावाने ओळखला जाणारा खोलगा, म्हणजे पट्टीच्या त्या जागी उतरता काप, यासाठीच असतो. मोठ्या चाकूत तो नसेल तर मी तो चाकू घेत नाही.

आणि कृपा करून लॉक तपासायला पात्याची पाठ टेबलावर आपटू नका. त्या धक्क्याने दात उडू शकतो, खाचेची कड दबू शकते, आणि तुमच्या कामाशी त्या चाचणीचा काही संबंध नसतो. बोटं पात्याच्या वाटेतून बाजूला ठेवून मूठ दोन्ही बाजूंनी धरा आणि पाठ लाकडाच्या फळीवर हळूहळू, जोर वाढवत दाबा. जे कळायचं ते तेवढ्यात कळतं.

माझ्यापुरतं सांगायचं तर रोजच्या खिशात स्लिपजॉइंट असतो, अर्ध्या वाटेवर थांबणारा. मिटवताना काटकोनात तो थांबतो, तिथे बोटं वाटेतून काढायची, मग पुढे दाबायचं. त्याचं पातं पातळ आहे, कापतं सुरेख, आणि पट्टीचा विरोध कमी होत चालला की हाताला आधी कळतं. लाकूड कोरायचं असेल, भोक पाडायचं असेल, ओल्या हाताने काम असेल, तर लॉकबॅक. विकणाऱ्यांकडून मला एवढंच हवंय: उघडलेल्या चाकूच्या पाठीचा एक स्पष्ट फोटो, आणि स्लिपजॉइंट असेल तर खाली दोन शब्द, ‘लॉक नाही’.