नन्सचे मेंदू आणि हरभऱ्याएवढी भोकं

अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातलं मॅन्केटो हे गाव. तिथल्या टेकडीवरच्या कॉन्व्हेंटमध्ये 1986 साली डेव्हिड स्नोडन नावाचा साथरोगतज्ज्ञ म्हाताऱ्या नन्सना भेटायला जाऊ लागला. नन्सच का? एकाच स्वयंपाकघरातलं जेवण, सारखी राहणी, सिगारेट नाही, बाळंतपणं नाहीत. माणसांची तुलना करायला इतकी सोयीची मंडळी दुसरीकडे कुठे मिळणार! पुढे नन्सच्या त्याच धर्मसंघातल्या 678 जणी अभ्यासात आल्या, सगळ्या पंचाहत्तरीच्या पुढच्या. वेळोवेळी त्यांची परीक्षा व्हायची: दहा शब्द ऐकून थोड्या वेळानं परत सांगायचे, मिनिटभरात आठवतील तेवढ्या प्राण्यांची नावं सांगायची. आणि मृत्यूनंतर मेंदू अभ्यासाला द्यायचा, हे प्रत्येकीनं आधीच लिहून दिलेलं.

1997 मध्ये अशा 102 मेंदूंचा हिशेब छापून आला. त्यातल्या 61 मेंदूंमध्ये अल्झायमरच्या खुणा, म्हणजे अमायलॉइड प्रथिनाचे चट्टे आणि पेशींमधले गुंते, निदानाला पुरतील इतक्या होत्या. त्या सगळ्याजणी जिवंतपणी भ्रमिष्ट झाल्या असतील असं कुणालाही वाटेल. तसं नव्हतं. या 61 जणींत ज्यांच्या मेंदूत झटक्याची (स्ट्रोकची) एकही खूण नव्हती, त्यांच्यापैकी 57 टक्के नन्सनाच स्मृतिभ्रंश झाला होता. मेंदूच्या खोल भागात एक-दोन बारीक झटके येऊन गेलेल्यांत हेच प्रमाण 93 टक्के निघालं. उलट अल्झायमरच्या पुरेशा खुणा नसलेल्या 41 जणींमध्ये झटक्यांनी बुद्धीवर फारसा परिणाम केलेला दिसला नाही. आधीच अल्झायमर, त्यात झटके: दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हा. 102 हा आकडा काही मोठा नाही, पण या गणितानं मेंदूतज्ज्ञांचं लक्ष पुन्हा रक्तवाहिन्यांकडे वळवलं.

‘पुन्हा’ म्हणायचं कारण, ज्याचं नाव या आजाराला मिळालं त्या डॉक्टर आलोइस अल्झायमरनं खुद्द 1907 च्या आपल्या टिपणात त्या पहिल्या रुग्ण बाईच्या मेंदूतल्या मोठ्या रक्तवाहिन्या कडक झाल्याचं लिहून ठेवलं होतं. लक्षात राहिले ते चट्टे आणि गुंते.

बारीक झटका म्हणजे किती बारीक? डाळीपासून हरभऱ्यापर्यंतच्या आकाराचं एक भोक, पाण्यानं भरलेलं. हात लुळा पडत नाही, तोंड वाकडं होत नाही, घरात कुणाला पत्ताही लागत नाही. मेंदूच्या तळाशी मोठ्या धमनीला काटकोनात फुटणाऱ्या केसासारख्या शाखा असतात. मोठ्या पाइपातल्या पाण्याचा जोर थेट बारीक नळीवर यावा, तसा वाढलेल्या बीपीचा मार त्यांना बसतो. वर्षानुवर्षं असं झालं की भिंत जाड होते, आतली वाट अरुंद होते आणि एक दिवस बंद पडते. शुगर आणि सिगारेट याच कामाला हातभार लावतात. शरीराच्या वजनाच्या जेमतेम 2 टक्के असलेला मेंदू 20 टक्के ऑक्सिजन खातो, त्यामुळे टंचाई त्याला लगेच जाणवते. त्यात अमायलॉइडचा कचरा बाहेर जाण्याची एक वाट याच वाहिन्यांच्या भिंतींतून आहे. भिंती ताठरल्या की तोही तुंबतो.

गोम अशी की बीपीचा हा हिशेब चाळिशी-पन्नाशीत सुरू होतो. स्मृतिभ्रंश दिसू लागेपर्यंत बीपी पुष्कळदा आपोआप उतरलेलं असतं. ‘आता तर बीपी नॉर्मल आहे’ असं सांगणारे नातेवाईक खोटं बोलत नसतात, फक्त फार उशिराचा आकडा सांगत असतात. अमेरिकेतल्या ‘स्प्रिंट माइंड’ चाचणीचे निष्कर्ष 2019 मध्ये आले. नऊ हजारांवर माणसं, निम्म्यांचं वरचं बीपी 140 च्या आत ठेवायचं, निम्म्यांचं 120 च्या. दुसऱ्या गटात सौम्य बौद्धिक घट 19 टक्क्यांनी कमी आढळली. स्मृतिभ्रंशही कमी होता, पण तो फरक ठामपणे सांगण्याइतका भरला नाही. चाचणी लवकर थांबवली गेली, हेही त्याचं एक कारण.

आणि मोठा, दिसणारा झटका? पहिल्या झटक्यानंतर साधारण दहातल्या एकाला नव्यानं स्मृतिभ्रंश होतो, झटका पुन्हा आला तर तिघांतल्या एकाहून जास्त जणांना. पण तो नेहमी विसराळूपणाच्या रूपात येत नाही. अशा आजोबांना नातवंडांची नावं, जुने पत्ते, सगळं आठवतं. त्यांना कागद-पेन्सिल द्या आणि घड्याळ काढून अकरा वाजून दहा मिनिटं दाखवायला सांगा. गोल नीट येतो, बाराही आकडे जागच्या जागी बसतात. मग ‘दहा’ म्हटलं म्हणून मिनिटकाटा दोनवर न जाता दहाच्या आकड्यावर जातो. स्मरण शाबूत असतं, ठरवणं आणि क्रम लावणं बिघडलेलं असतं. घरी हेच दिसतं ते गोळ्यांच्या डब्यात: सकाळची गोळी रात्रीच्या खणात. घरचे म्हणतात, साठी बुद्धी नाठी. हात हलतोय, पाय उचलतोय एवढं पाहून डिस्चार्ज मिळालेला असतो. घड्याळ काढायला कुणी सांगितलेलंच नसतं.