खिडकीचा पाईप आणि मास्टचा पाईप: हॅम रेडिओसाठी अ‍ॅल्युमिनियम निवडण्यामागची पार्श्वभूमी

हॅम रेडिओच्या, म्हणजे हौशी बिनतारी केंद्राच्या, अँटेनाचा मास्ट (खांब) करायला सांगली, मिरज, कुपवाड किंवा साताऱ्याच्या बाजारात अ‍ॅल्युमिनियमचा पाईप मागितला की हातात पडतो तो बहुधा ६०६३ क्रमांकाच्या मिश्रधातूचा, आणि तोही टी५ टेंपरचा (टेंपर म्हणजे उष्णता देऊन आणलेल्या कडकपणाची पायरी). अँटेनाच्या अमेरिकन पुस्तकांतले तक्ते मात्र ६०६१-टी६ धरून केलेले असतात. दोन्ही पाईप दिसायला सारखे आणि वजनालाही सारखेच. फरक कळतो तो वादळात. हा घोळ व्यापाऱ्याच्या लबाडीतून आलेला नाही, त्याच्या मागे शंभर वर्षांचा इतिहास आहे.

शुद्ध अ‍ॅल्युमिनियम हाताने वाकेल इतकं नरम असतं. १९०६ साली जर्मनीत आल्फ्रेड विल्म यांना दिसलं, की तांबं आणि थोडं मॅग्नेशियम घातलेलं अ‍ॅल्युमिनियम तापवून पाण्यात विझवलं की लगेच कडक होत नाही, पण नुसतं पडू दिलं तर काही दिवसांत आपोआप कडक होतं. त्यातूनच ड्युराल्युमिन आलं आणि झेपेलिन हवाई जहाजांचे सांगाडे त्याचे झाले. ताकद भरपूर, पण त्यातलं तांबं पावसाळी हवेत गंजाला आमंत्रण देतं. म्हणून त्याच घराण्यातलं २०२४ भंगारात स्वस्त मिळालं तरी उघड्या मास्टला घेऊ नये.

मॅग्नेशियम आणि सिलिकॉन यांच्या जोडीने हा प्रश्न बराच सुटला. १९३५ मध्ये अमेरिकेत ६१एस आलं. १९५४ साली चार आकडी क्रमांकपद्धत सुरू झाली तेव्हा त्याचं नाव ६०६१ झालं. ६०६३ हे त्याचंच सौम्य भावंड. त्यात मॅग्नेशियम-सिलिकॉन कमी, त्यामुळे डायमधून (साच्याच्या भोकातून) ते सहज वाहतं, पातळ कडा सुबक निघतात आणि अ‍ॅनोडायझिंग स्वच्छ बसतं. खिडक्या-दारांना हेच हवं असतं. आपल्याकडे अ‍ॅल्युमिनियम पाईपचा खप खिडक्या, पार्टिशन आणि रेलिंगवर वाढला, म्हणून दुकानातही ६०६३च राहिलं. जुने व्यापारी अजून ब्रिटिश नावं वापरतात: एचई-९ म्हणजे ६०६३, एचई-२० म्हणजे ६०६१, एचई-३० म्हणजे ६०८२. भारतीय मानकात हीच अनुक्रमे ६३४००, ६५०३२ आणि ६४४३० या आकड्यांनी येतात. ६०८२-टी६ ताकदीत ६०६१-टी६ च्या बरोबरीचं आहे. ते मिळालं तर बिनदिक्कत घ्यावं.

फरक आकड्यांत पाहू. ज्या ताणाला धातू कायमचा वाकतो तो ताण ६०६३-टी५ साठी ११० मेगापास्कल, ६०६३-टी६ साठी १७०, ६०६१-टी६ साठी २४० धरतात. टॉवरच्या वरच्या बेअरिंगच्या (मास्टला धरणाऱ्या कड्याच्या) २ मीटर वर एक यागी (आडव्या दांड्यांची अँटेना) आहे, तिचं वाऱ्याला अडणारं क्षेत्र ०.३ चौरस मीटर. मास्टचा पाईप ५० मिमी बाहेरचा व्यास आणि ३ मिमी जाडीचा, वजन मीटरला १.२ किलो. वाऱ्याचा वेग ३९ मीटर प्रति सेकंद घेतला तर दाब प्रति चौरस मीटर ९१३ न्यूटन होतो. अँटेनाचे ५४८ आणि पाईपचे स्वतःचे सुमारे ११० मिळून बेअरिंगजवळ ६५८ न्यूटन-मीटरचा मोड (पाईप वाकवणारा जोर) येतो, म्हणजे पाईपमध्ये १३४ मेगापास्कल ताण. टी५ तिथेच वाकला. ६०६३-टी६ जेमतेम १.२७ पट सुरक्षिततेवर उभा राहतो, ६०६१-टी६ जवळपास १.८ पट.

हे झालं सपाटीवरचं, कृष्णाकाठचं गणित. चाळकेवाडी, वनकुसवडे या साताऱ्याच्या पठारांवर पवनचक्क्या उगाच उभ्या केलेल्या नाहीत. डोंगरमाथ्यासाठी आयएस ८७५ या भारतीय मानकात वाऱ्याच्या वेगाचा गुणक १.३६ पर्यंत जातो आणि दाब वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे १.८५ पट. त्याच मास्टवर मोड १२१७ न्यूटन-मीटर, आणि ६०६१-टी६ चा हा पाईप ११७९ लाच हार मानतो. तिथे मिश्रधातू बदलून भागत नाही. व्यास वाढवावा किंवा अँटेना बेअरिंगच्या जवळ आणावी.

एक गैरसमज मात्र चिवट आहे. चांगला ग्रेड घेतला की मास्ट कमी झुलेल, असं लोकांना वाटतं. तसं होत नाही. अ‍ॅल्युमिनियमच्या या सगळ्या मिश्रधातूंचा ताठरपणा जवळजवळ एकच, सुमारे ६९ गिगापास्कल, म्हणजे पोलादाच्या साधारण एक तृतीयांश. ६०६१ तितकाच झुलतो, फक्त परत सरळ होतो.

वेल्डिंगने सगळ्यात जास्त घात होतो. टी६ ची ताकद साधारण १७५ अंशांना काही तास भट्टीत ठेवून आणलेली असते, आर्गन वेल्डिंगची उष्णता ती काही सेकंदांत घालवते. सांध्यापासून साधारण २५ मिमीपर्यंत ६०६१ चे २४० मेगापास्कल १०५ वर येतात. बेसप्लेटला वेल्ड केलेला मास्ट म्हणूनच नेमका वेल्डच्या बोटभर वर दुमडतो, आणि दोष वेल्डरला दिला जातो. वेल्ड भक्कमच असतं, शेजारचा पाईप नरम झालेला असतो. सर्वाधिक मोड जिथे येतो तिथे वेल्ड नको, बोल्टची सॉकेट करावी.

खरेदी करताना ग्रेड आणि टेंपर दोन्ही लिहिलेलं मिल सर्टिफिकेट (कारखान्याचा दाखला) मागावं. दुकानदार नुसतं ‘हार्ड आहे’ म्हणाला तर ते टी५ समजून गणित करावं. पाईप थेट काँक्रीटमध्ये गाडू नये, ओल्या सिमेंटचा अल्क अ‍ॅल्युमिनियम खातो. गाडायचाच असेल तर गाडलेल्या भागाला आधी डांबरी रंगाचे दोन हात द्यावेत. तांब्याची अर्थिंगची तार पाईपवर सरळ आवळू नये. एका पावसाळ्यात क्लँपखाली पांढरी भुकटी जमते, वर्षा-दोन वर्षांत खड्डे पडतात. मध्ये कथील चढवलेला किंवा स्टेनलेसचा लग (तारेचं टोक धरणारा तुकडा) घ्यावा आणि दर मे महिन्यात, पाऊस यायच्या आधी, क्लँप उघडून खालचा पाईप पाहावा.