चांदी-सोन्याची धुरी दिलेली काच : एक पार्श्वभूमी

ज्योतीवर तापवलेल्या काचेला चांदीच्या किंवा सोन्याच्या वाफेची धुरी देऊन तिच्यावर पिवळी, निळी किंवा गुलाबी झाक आणण्याच्या पद्धतीला काचकारागीर ‘फ्युमिंग’ म्हणतात. सोलापूरकरांची काचेशी ओळख प्रामुख्याने बांगडीतून होते. श्री सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेत मांडलेल्या फिरोजाबादी बांगड्यांवर जी खऱ्या सोन्याची नक्षी असते, ती द्रवरूप सोन्याचा लेप भट्टीत पक्का करून उमटवलेली असते आणि तिथे सोने सोन्यासारखेच दिसते. धुरी दिलेल्या काचेत मात्र तेच सोने गुलाबी होते आणि चांदी पिवळी किंवा निळी भासते. हे तंत्र आजच्या स्वरूपात अवघ्या काही दशकांचे असले, तरी ज्या गुणावर ते उभे आहे तो गुण काचकामाला सुमारे सतराशे वर्षांपासून ठाऊक आहे.

सोलापूरशेजारच्या धाराशिव जिल्ह्यातील तेर, म्हणजे रोमशी व्यापार करणारे प्राचीन तगर, येथे काचेचे मणी सापडले आहेत. दख्खनच्या सातवाहनकालीन स्थळांवर सोन्याचा वर्ख काचेच्या दोन थरांमध्ये बंद केलेले मणीही मिळाले आहेत. त्या मण्यांत सोने पिवळेच दिसते, कारण वर्ख कितीही पातळ असला तरी सलग असतो. धातूचे सुटे कण मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाहूनही लहान झाले, की त्यांतील इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या विशिष्ट तरंगलांबीला एकत्र प्रतिसाद देतात, तेवढाच प्रकाश शोषला किंवा विखुरला जातो आणि धातूचा नेहमीचा रंग नाहीसा होतो. ब्रिटिश म्युझियममधील चौथ्या शतकातला रोमन ‘लायकर्गस चषक’ हा याचा सर्वांत प्रसिद्ध पुरावा आहे. त्याच्या काचेत सोने-चांदीचे असेच अतिसूक्ष्म कण आहेत. बाहेरून प्रकाश पडला तर तो हिरवा दिसतो आणि आतून प्रकाश आला तर लाल.

आठव्या शतकापासून इजिप्त आणि सीरियातील कारागीर चांदी-तांब्याची संयुगे काचपात्रांवर रंगवून भाजत होते. युरोपातील चर्चच्या खिडक्यांवर चौदाव्या शतकाच्या सुरुवातीपासून दिसणारा पिवळा रंगही चांदीचाच आहे. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात योहान कुंकेल या जर्मन काचतज्ज्ञाने पॉट्सडॅम येथे सोन्यापासून माणकासारखी लाल काच तयार केली. मात्र हे सारे अनुभवाच्या बळावर चालले होते. सोन्याच्या लाल द्रवाचा रंग अतिसूक्ष्म धातुकणांमुळे येतो, हे मायकेल फॅरडे यांनी १८५७ मध्ये मांडले आणि कणांचा आकार व रंग यांचे गणित गुस्ताव मी (Mie) या जर्मन भौतिकशास्त्रज्ञाने १९०८ मध्ये दिले. माझ्या मते या इतिहासातली सर्वांत महत्त्वाची पायरी हीच आहे, कारण धुरी दिलेल्या काचेवरील रंगाचा उलगडा आजही याच विचाराने होतो.

ज्योतीवर काच घडवण्याची परंपरा भट्टीच्या परंपरेहून वेगळी आहे. तेलाच्या दिव्यावर भात्याने हवा फुंकून काचेची कांडी वितळवण्याचे काम व्हेनिसजवळच्या मुरानो बेटावर आणि जर्मनीतील लाउशा गावी भरभराटीला आले. फिरोजाबादेत बांगडीची दोन टोके ज्योतीवर जोडण्याचे जे काम घरोघरी चालते आणि ज्याला तिथे ‘जुडाई’ म्हणतात, तेही याच कुळातले आहे. महाराष्ट्रातील तळेगावचा पैसा फंड काच कारखाना (१९०८) आणि कऱ्हाडजवळचा ओगले काच कारखाना (१९१६) हे स्वदेशीच्या प्रेरणेतून उभे राहिले, पण ते भट्टीचे उद्योग होते. ऑटो शॉट यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जर्मनीत बोरोसिलिकेट काच विकसित केली आणि अमेरिकेत १९१५ मध्ये ‘पायरेक्स’ या नावाने अशीच काच बाजारात आली. सोलापूरच्या महाविद्यालयांतील परीक्षानळ्या आणि चंचुपात्रे याच जातीच्या काचेची असतात. ही काच तापमानातील फरक सहन करते, म्हणून ऑक्सिजन-प्रोपेनच्या प्रखर ज्योतीत ती पुन्हापुन्हा नेता येते, आणि धुरीच्या कामाला नेमके हेच लागते.

या कामाचा प्रसार करण्याचे श्रेय बॉब स्नॉडग्रास या अमेरिकी कारागिराला दिले जाते. ते पुढे ओरेगन राज्यातील यूजीन येथे स्थायिक झाले. १९८०च्या दशकापासून त्यांनी घडवलेल्या धूम्रपानाच्या काचनळ्यांतून हे तंत्र सर्वदूर पोहोचले. काचेच्या कांडीच्या टोकावर चांदीचा किंवा सोन्याचा बारीकसा तुकडा ज्योतीत धरायचा आणि त्याची वाफ जिथे जाते तिथे तापलेली वस्तू फिरवत ठेवायची, एवढीच कृती आहे. चांदी सुमारे ९६२ अंश सेल्सियसला आणि सोने १०६४ अंशांना वितळते. दोन्ही धातू वितळल्यानंतर आणखी तापवले की उत्कलनबिंदू गाठण्याआधीच त्यांची वाफ होऊ लागते. चांदीचा विरळ थर आरपार पिवळसर आणि काळ्या पार्श्वभूमीवर निळसर दिसतो. वापरलेली नळी आतून काळवंडत गेली, की तिचा रंग पालटल्यासारखा वाटायचा आणि तिला लोकप्रियता मिळाली ती यामुळेच. धातू जास्त झाला तर काचेवर राखाडी पापुद्रा बसतो आणि ज्योत जास्त लागली तर थर उडून जातो. म्हणून पुष्कळदा त्यावर पारदर्शक काच चढवतात.

अमेरिकी काचकलाकार टिफनी यांच्या ‘फाव्रिल’ काचेची आणि विसाव्या शतकातील ‘कार्निव्हल’ या साच्यातल्या स्वस्त काचेची इंद्रधनुषी झळाळीही वाफेने किंवा फवाऱ्याने आणलेली असते. परंतु ती कथील, लोह यांसारख्या धातूंच्या क्षारांची असते आणि तिचा रंग पातळ ऑक्साइड थरातील प्रकाशाच्या व्यतिकरणातून, म्हणजे थराच्या दोन्ही पृष्ठांवरून परतलेल्या प्रकाशलहरी एकमेकींत मिसळल्याने, येतो. ही झळाळी आणि चांदी-सोन्याची धुरी या दोन्हींना सरसकट ‘फ्युमिंग’ हे एकच नाव देणे मला योग्य वाटत नाही.

धातूची वाफ फुप्फुसांत जाणे घातक असल्यामुळे हे काम धूर बाहेर खेचणाऱ्या पंख्याखालीच करावे लागते आणि बंद खोलीत ते कधीच करू नये. बाजारात एखादा मणी किंवा पदक ‘चांदीच्या धुरीचे’ म्हणून मिळाले, तर ते आधी उन्हासमोर आणि मग काळ्या कापडावर धरून पाहावे. विरळ थराची खरी चांदी असेल तर पहिल्या वेळी पिवळी आणि दुसऱ्या वेळी निळी झाक दिसते. साध्या रंगाच्या लेपात असा पालट होत नाही.