लेखकाचे शब्द मोजायचे कसे?

अमक्या लेखकाचा शब्दसंग्रह इतक्या हजारांचा, असे आकडे आपण सहज मान डोलावून वाचतो. ते मोजण्याआधी शब्दसूच्या तयार व्हाव्या लागल्या. कोणता शब्द कुठे कुठे आला, ते सगळे वर्णक्रमाने मांडायचे, आणि तेही हाताने. शेक्सपिअरच्या नाटकांच्या अशा सूचीत मेरी काउडन क्लार्क यांची सोळा वर्षे गेली. ती १८४५ मध्ये पूर्ण झाली.

पुढे १८६१ च्या व्याख्यानांत भाषाशास्त्रज्ञ मॅक्स म्युलर यांनी आकडे शेजारी शेजारी ठेवले: शेक्सपिअर सुमारे १५,०००, मिल्टन ८,०००, आणि खेड्यातल्या काही मजुरांजवळ तीनशेही नाहीत. हा शेवटचा आकडा एका पाद्र्याच्या सांगण्यावरून आला होता. त्या मजुरांची अवजारे, पिके आणि गुरांची दुखणी यांची नावे लिहायला बसले असते, तर तीनशेची पाटी तिथेच भरली असती.

१९७६ मध्ये ब्रॅडली एफ्रॉन आणि रोनाल्ड थिस्टेड या संख्याशास्त्रज्ञांनी शेक्सपिअरचे ८,८४,६४७ शब्द हिशेबात घेतले. त्यांत वेगवेगळे निघाले ३१,५३४. मग म्युलर यांचे १५,००० दुप्पट कसे झाले? शेक्सपिअर तोच होता, ‘शब्द’ बदलला होता. इथे प्रत्येक रूप वेगळे धरले होते. या नियमाने घर, घरी, घरात, घरातला, घरातल्यांना हे पाच शब्द होतात, म्हणजे मराठीत लिहिणारा कुणीही बसल्या जागी श्रीमंत!

मला त्या हिशेबातला दुसराच आकडा महत्त्वाचा वाटतो. १४,३७६ रूपे फक्त एकेकदा आली आहेत. शेक्सपिअरचे हे वैशिष्ट्य मानायचे कारण नाही. कुठलाही मोठा मजकूर घ्या, त्यातले निम्म्याच्या आसपास शब्द एकदाच डोकावतात, आणि मूठभर शब्द सगळीकडे राबतात. भाषाशास्त्रज्ञ जॉर्ज झिफ यांनी १९३० च्या दशकात हाच विषय लावून धरला होता.

त्याच सुमारास, १९३० मध्ये, सी. के. ऑग्डेन या इंग्रज भाषाभ्यासकाने उलट टोक गाठले: शिकणाऱ्यांसाठी ८५० शब्दांची सोपी केलेली इंग्रजी, ‘बेसिक इंग्लिश’, तीत क्रियापदे अवघी अठरा. ‘एंटर’ गेले, ‘गो इन’ आले. शब्द वाचले खरे, पण ‘गो ऑन’, ‘गो ऑफ’, ‘गो थ्रू’ यांचे अर्थ नुसत्या ‘गो’वरून लागत नाहीत, ते शिकणाऱ्याला एकेक करून पाठच करावे लागतात. ८५० च्या यादीत मात्र त्यांची मोजदाद नव्हती.