लांडोरीची पसंती: लैंगिक निवडीच्या कल्पनेमागचा इतिहास

मोराच्या पिसाऱ्यानं चार्ल्स डार्विन यांना अक्षरशः हैराण केलं होतं. नैसर्गिक निवडीवरचं त्यांचं पुस्तक नोव्हेंबर १८५९ मध्ये आलं. पुढच्याच वर्षी, ३ एप्रिल १८६० रोजी, अमेरिकेतले वनस्पतिशास्त्रज्ञ एसा ग्रे यांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी कबूल करून टाकलं, की मोराचं पीस नजरेला पडलं तरी आपल्याला मळमळतं. अडचण खरीच होती. जगायला मदत करणारे गुण टिकतात आणि जिवावर उठणारे गळून जातात, हा नैसर्गिक निवडीचा हिशेब. मग जवळजवळ दीड मीटर लांबीचं हे लोढणं कसं टिकलं? ते जड असतं, लांबूनही दिसतं आणि दरवर्षी गळून पुन्हा नव्यानं उगवावं लागतं. शिवाय ते फक्त नराला असतं. पिसारा जगायला आवश्यक असता, तर लांडोर त्याच्याशिवाय कशी जगली असती?

उत्तराचं बीज डार्विन यांच्याकडे आधीपासून होतं. १ जुलै १८५८ रोजी लंडनच्या लिनियन सोसायटीत त्यांचे आणि आल्फ्रेड रसेल वॉलेस यांचे निबंध वाचले गेले. त्यातही मादीसाठी चालणाऱ्या नरांच्या चढाओढीचा उल्लेख आहे. १८५९ च्या पुस्तकात या विषयाला जेमतेम दोन-तीन पानं मिळाली. १८७१ मध्ये माणसाच्या उत्पत्तीवरचा दोन खंडांचा ग्रंथ आला, त्यात मात्र निम्म्याहून जास्त मजकूर याच विषयाचा आहे. किडे, मासे, पक्षी, सस्तन प्राणी असा एकेक गट घेऊन डार्विन यांनी दाखवलं, की टिकून राहणं ही अर्धीच गोष्ट आहे. जो जगला पण ज्याला जोडीदार मिळाला नाही, त्याचे गुण त्याच्याबरोबरच संपतात. या निवडीच्या, म्हणजे लैंगिक निवडीच्या, त्यांनी दोन वाटा सांगितल्या. एक, नरांची आपसातली झुंज: शिंगं, सुळे, अंगाचा आकार. दुसरी, मादीची पसंती: रंग, तुरे, गाणी, नाच.

पहिली वाट लोकांनी लगेच मान्य केली. हरणांची टक्कर डोळ्यांना दिसतेच. दुसरी वाट मात्र घशाखाली उतरेना. पुढच्या शंभर वर्षांतला या विषयाचा इतिहास हा बराचसा मादीला निवड करता येते हे नाकारण्याचा इतिहास आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. इंग्लिश जीवशास्त्रज्ञ सेंट जॉर्ज मिव्हार्ट यांनी १८७१ मध्येच लिहिलं, की मादीची लहर इतकी चंचल असते की तिच्या जोरावर पिढ्यान्‌पिढ्या एकच नक्षी घडत राहणं शक्य नाही. यात पक्ष्यांचा अभ्यास किती आणि त्या काळच्या समाजाची बायकांबद्दलची समजूत किती, हे वाचणाऱ्याला कळतं.

वॉलेस यांचा विरोध जास्त वजनदार होता, कारण ते स्वतः नैसर्गिक निवडीचे सहशोधक. त्यांनी प्रश्नच उलटा केला. नर भडक का, यापेक्षा मादी फिकी का हे विचारा, असं त्यांचं म्हणणं. उघड्या घरट्यात अंडी उबवणारी मादी आजूबाजूच्या रंगात मिसळून गेली तरच वाचते, म्हणून ती फिकी. नराचा रंग हा त्याच्या अंगातल्या जोमाचाच परिणाम, त्यासाठी कुणाची आवड मध्ये आणायची गरज नाही. मादीच्या फिकेपणाबद्दल ते बरंचसं बरोबर होते. पण पिसाऱ्यातले ते डोळे, एकात एक बसवलेली रंगांची वर्तुळं, नुसत्या जोमातून कशी आली, याचं उत्तर त्यांच्याकडे नव्हतं.

डार्विन शेवटपर्यंत हटले नाहीत. १८ एप्रिल १८८२ रोजी लंडनच्या झूऑलॉजिकल सोसायटीत त्यांचं एक छोटं टिपण वाचलं गेलं. लैंगिक निवडीवरचे सगळे आक्षेप तपासूनही या तत्त्वाच्या सत्यतेबद्दल आपली खात्री कायम आहे, असं त्यात म्हटलं होतं. दुसऱ्या दिवशी ते गेले.

या काळात प्रत्यक्ष प्राण्यांकडे टक लावून पाहणारे फार थोडे होते. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातलं जॉर्ज आणि एलिझाबेथ पेकहॅम हे जोडपं त्यांतलं. १८८९-९० च्या सुमारास त्यांनी उड्या मारणाऱ्या कोळ्यांचं प्रणयाराधन तपशिलानं टिपलं. नर पुढचे पाय उंच करतो, तिरका होतो, एका बाजूला सरकतो, थांबतो, मग दुसऱ्या बाजूला. नेमका अंगाचा रंगीत भाग तिच्यासमोर येईल असा तो वळतो. ती बसल्या जागेवरून त्याच्यावर नजर ठेवून असते. पसंत पडला नाही तर हल्ला करते, कधी खाऊनही टाकते. ही मादी निष्क्रिय आहे असं ते दृश्य पाहिलेल्या माणसाला म्हणता येणार नाही. पण या कामाकडे फारसं कुणी वळलं नाही.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात विषय मागे पडला. ज्युलियन हक्सली यांनी १९१४ मध्ये मोठ्या टिबुकलीच्या प्रणयाचं सुंदर वर्णन प्रसिद्ध केलं. चोचीत पाणवनस्पती धरून नर आणि मादी पाण्यावर छातीला छाती लावून उभे राहतात, आणि यात दोघांचा वाटा सारखा असतो. पुढे हेच हक्सली, बहुतेक सजावटीचा निवडीशी संबंध नाही, ती जात ओळखण्यासाठी किंवा धाक दाखवण्यासाठी असते, असं म्हणू लागले.

तरीही गणितानं एक दार उघडून ठेवलं होतं. रोनाल्ड फिशर यांनी १९१५ च्या लेखात आणि मग १९३० च्या ग्रंथात मांडलेली कल्पना अशी: समजा, थोडी लांब शेपटी असलेला नर सुरुवातीला खरोखरच जरा सरस होता. त्याला पसंत करणाऱ्या मादीच्या मुलांना लांब शेपटी मिळते आणि मुलींना लांब शेपटीची आवड. शेपटी आणि आवड हे दोन्ही गुण एकाच वंशात बांधले जातात. आता शेपटीचा मूळ फायदा संपला तरी चक्र थांबत नाही, कारण लांब शेपटीच्या मुलांना जोडीदारणी जास्त मिळतात, एवढाच फायदा पुरतो. शेपटी वाढत जाते, आवडही वाढत जाते आणि शेपटीचं ओझं जिवावर बेतू लागलं की मगच वाढ थांबते. मिव्हार्ट यांच्या चंचलतेच्या आक्षेपाला हे थेट उत्तर होतं. मादीची आवड हीसुद्धा आनुवंशिक आहे, आणि तीही उत्क्रांत होते. या कल्पनेचं पूर्ण गणित रसेल लँड आणि मार्क कर्कपॅट्रिक यांनी मांडलं, ते थेट १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला.

पण बहुतेक वेळा निवडणारी मादीच का? अँगस बेटमन यांनी १९४८ मध्ये फळमाश्यांवर प्रयोग केले. जितक्या जास्त माद्या, तितकी नराची संतती जास्त. मादीच्या बाबतीत जास्त नरांचा तसा फायदा दिसला नाही. रॉबर्ट ट्रिव्हर्स यांनी १९७२ मध्ये यामागचं कारण व्यापक केलं: संततीवर ज्याचा खर्च जास्त, तो चोखंदळ, ज्याचा कमी, तो स्पर्धा करणारा. या नियमाची खरी परीक्षा उलट्या उदाहरणांत होते आणि तिथं तो टिकतो. कमळपक्ष्यांत अंडी उबवणं आणि पिल्लं सांभाळणं हे काम नर करतो. तिथं मादी आकारानं मोठी असते आणि नरांसाठी माद्याच एकमेकींशी भांडतात. बेटमन यांचा प्रयोग मात्र २०१२ मध्ये पॅट्रिशिया गोवाटी आणि सहकाऱ्यांनी पुन्हा केला, तेव्हा त्यात गंभीर दोष आढळला. पालक ओळखण्यासाठी वापरलेली उत्परिवर्तनं, म्हणजे जनुकांतले बदल, काही पिल्लांच्या जिवावर उठत होती, त्यामुळे मोजणीच तिरपी झाली होती. सहा दशकं पाठ्यपुस्तकांत राहिलेला प्रयोग इतक्या उशिरा तपासला गेला, याची खंत वाटायलाच हवी.

मादी खरंच शेपटी पाहून निवडते का, याचा मैदानातला निर्णायक पुरावा १९८२ मध्ये आला. माल्टे अँडरसन हे स्वीडिश शास्त्रज्ञ केनियातल्या गवताळ पठारावर लांब शेपटीच्या विडोबर्ड पक्ष्यांवर काम करत होते. चिमणीपेक्षा थोडा मोठा काळा नर, खांद्यावर लाल पट्टा आणि मागे अर्धा मीटर शेपटी. त्यांनी ३६ नर पकडले. काहींची शेपटी कापून साधारण १४ सेंटिमीटर केली. कापलेला तुकडा चटकन सुकणाऱ्या गोंदानं दुसऱ्या नरांना जोडून त्यांची शेपटी सुमारे २५ सेंटिमीटरनं लांब केली. काहींना हातच लावला नाही. आणि काहींची शेपटी कापून पुन्हा होती तेवढीच चिकटवली. मला या प्रयोगात सर्वांत मोलाचा वाटतो तो हा शेवटचा गट. कापण्याचा आणि गोंदाचा काही परिणाम असेल, तर तो इथं दिसून येणार होता. मग प्रत्येक नराच्या हद्दीत नवी घरटी किती झाली ते मोजलं. निसर्गानं दिली त्यापेक्षाही लांब शेपटी लावलेले नर पुढे निघाले. शेपटी छाटलेल्यांनी आपली हद्द गमावली नव्हती, म्हणजे शेपटी नरांच्या झुंजीसाठी नव्हती. ती बघणारी मादीच होती. १८७१ पासून १११ वर्षं गेली होती.

ती निवडते हे ठरल्यावर, का निवडते यावर वाद सुरू झाला. इस्रायलचे अमोत्झ झहावी यांनी १९७५ मध्येच म्हटलं होतं, की सजावट महाग आहे म्हणूनच ती खरी खूण आहे. एवढं ओझं वागवून जो जिवंत आहे, तो दमदार असणारच. आधी यावर टीका झाली. १९९० मध्ये अॅलन ग्राफेन यांनी ही कल्पना गणितात बसवून दाखवल्यावर तिला मान मिळाला. विल्यम हॅमिल्टन आणि मार्लीन झुक यांनी १९८२ मध्ये सुचवलं, की झळाळता रंग म्हणजे परजीवींना तोंड देऊ शकणाऱ्या शरीराची ग्वाही.

मायकेल रायन यांनी पनामातल्या तुंगारा बेडकांमध्ये तिसरीच शक्यता दाखवली. हा नर आधी खाली उतरत जाणारा एक लांब स्वर काढतो आणि त्याला जोडून छोटे ‘चक’ असे आवाज. माद्यांना ‘चक’ आवडतो. पण ज्या जवळच्या जातीत नर असा आवाज काढतच नाहीत, त्यांच्या माद्यांनाही तो ऐकवला तर आवडतो. म्हणजे आवड आधीची, आवाज नंतरचा. बेडूक खाणारी वटवाघळंही तोच आवाज ऐकून येतात, त्यामुळे प्रत्येक ‘चक’ हा जिवाशी खेळ आहे. अशा किमतीचा शेवट कुठवर जातो, ते हवाई द्वीपसमूहातल्या काउआई बेटावर दिसलं. रातकिड्याच्या गाण्यावरून त्याला हुडकून अंगावर अळ्या सोडणारी एक माशी तिथं आहे. २००६ मध्ये झुक आणि सहकाऱ्यांनी नोंदवलं, की २० पेक्षाही कमी पिढ्यांत तिथले ९० टक्क्यांहून जास्त नर मुके झाले होते. पंखावरची, आवाज काढणारी रचनाच बदलली होती.

निवड मीलनापाशी संपत नाही, हे समजायलाही वेळ लागला. जेफ पार्कर यांनी १९७० मध्ये दाखवलं, की मादीचं एकाहून जास्त नरांशी मीलन झालं तर स्पर्धा तिच्या शरीरात, शुक्राणूंमध्ये चालू राहते. पाण्याकाठी टाचणी नावाच्या, चतुरासारख्या नाजूक किड्यांच्या जोड्या एकमेकांना धरून उडताना आपण पाहतो. जोनाथन वागे यांनी १९७९ मध्ये टाचणीच्या नराचा अवयव सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तर त्यावर मागे वळलेले बारीक काटे होते. आपले शुक्राणू सोडण्याआधी तो आधीच्या नराचे खरवडून काढतो. १९८५ नंतर डीएनएवरून पितृत्व तपासता येऊ लागलं, आणि आयुष्यभर जोडीनं राहणारे म्हणून गौरवलेल्या कितीतरी पक्ष्यांच्या घरट्यात दुसऱ्याच नराची पिल्लं सापडली. ऑस्ट्रेलियातल्या सुपर्ब फेअरीरेनमध्ये तर बहुसंख्य.

वानरांच्या अभ्यासानं हाच मुद्दा फार आधी समोर ठेवला होता. टोळीवर ताबा मिळवणारा नवा नर पिल्लं मारतो, हे युकिमारू सुगियामा यांनी १९६०च्या दशकात धारवाडजवळ पाहिलं होतं. सारा हर्डी यांनी १९७०च्या दशकात अबूच्या डोंगरावर वानरांच्या टोळ्यांचा अभ्यास केला आणि ही विकृती नसून प्रजननाची स्पर्धा आहे, असं मांडलं: पिल्लू गेलं की आई लवकर माजावर येते. त्यांचं त्याहून महत्त्वाचं निरीक्षण माद्यांबद्दलचं होतं. माद्या टोळीबाहेरच्या नरांशीही मीलन करत होत्या, काही तर गाभण असताना. आपलं असू शकेल अशा पिल्लावर नर सहसा उठत नाही. लाजरी, वाट पाहणारी मादी हे चित्र तिथंच फाटलं होतं.

आणि मोर? मॅरियन पेट्री यांनी इंग्लंडमधल्या व्हिप्सनेड इथं पाहिलं, की लांडोर अनेक मोरांकडे फेरी मारते आणि त्यांतल्या पिसाऱ्यावर सर्वांत जास्त डोळे असलेल्याला निवडते. १९९१ च्या त्यांच्या नोंदीत अशा ११ पैकी १० वेळा हेच घडलं. १९९४ मध्ये त्यांनी दाखवलं, की अशा मोरांची पिल्लं चांगली वाढतात. मग २००८ मध्ये मारिको ताकाहाशी आणि सहकाऱ्यांचा जपानमधला सात वर्षांचा अभ्यास आला, आणि पिसाऱ्याचा निवडीशी काहीच संबंध त्यांना दिसला नाही. दोन्ही काम काळजीपूर्वक केलेलं आहे. वाद मिटलेला नाही.

२०१३ मध्ये जेसिका योर्झिन्स्की आणि सहकाऱ्यांनी लांडोरीच्याच डोक्यावर डोळ्यांची हालचाल टिपणारं छोटं यंत्र बसवलं. दीडशे वर्षं माणसं मोराकडे पाहत होती. ती कुठं पाहते, हे तोवर कुणी मोजलं नव्हतं. बराच वेळ तिचं लक्ष मोराकडे नव्हतंच, ते भोवतालच्या परिसरावर होतं. त्याच्याकडे पाहिलं तेव्हा नजर डोक्यावर किंवा तुऱ्यावर थांबली नाही. ती पिसाऱ्याच्या खालच्या भागावरून, एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे, सरकत गेली.